तिच्या नावाचं आयरिस

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता माणूस जरा स्वस्थ बसेल. पण हाताला चिमट्याची सवय! त्यांनी आयरिसच्या फुलाची नवी जात काढायचं मनावर घेतलं. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावताना ते सवयीने "दुखणार नाही हं" म्हणायचे आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघायचे. मधमाशीने मध्येच लुडबुड करू नये म्हणून फुलाच्या लोंबत्या पाकळ्या आधी काढून टाकायच्या, एवढं पुस्तकातून कळलं होतं. बाकीचं ज्ञान त्यांनी उत्साहाने भरून काढलं.

बोंडं धरली, वाळली. बियांना गारवा लागतो म्हणून त्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये गेल्या आणि दुधाचं पातेलं बाहेर आलं. "अहो, तुमची बाळंतीण कधी उठणार?" बायको रोज विचारायची.

कुंड्यांत पेरल्यावर तर डॉक्टरांचा धीरच सुटला. तान्ह्या बाळाच्या हिरड्या चाचपाव्यात तशी ते बोटाने माती उकरून बघत. त्यात निम्मे कोंब मोडले; आळ गोगलगायींवर आला. उरलेली रोपं बायको पाणी घालत होती म्हणून जगली, हे त्यांना ठाऊक होतं, पण बोलून दाखवायची गरज वाटली नव्हती. तरी एकदा जेवताना भरात येऊन ते म्हणाले, "पहिलं जे फूल येईल, त्याला तुझं नाव." ती चक्क लाजली. डॉक्टर स्वतःवर भलतेच खूश झाले.

काही वर्षांनी एका रोपाला कळी आली. सकाळी ती उमलली. रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा, आणि एक पाकळी दुमडलेली. आता हिला काय तोंड दाखवायचं? डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, दांडा कापून खताच्या ढिगात टाकला आणि कुंपणाजवळच्या विकतच्या आयरिसचा निळ्या फुलाचा दांडा तिथे मातीत खोचला. जन्मभर कवळ्या बसवलेल्या माणसाला ते काम जड गेलं नाही.

बायको चहा घेऊन आली.

"बघ, तुझं फूल!" त्यांचा आवाज जरा जास्तच चढला.

"हे कुंपणाजवळचं आहे," ती म्हणाली.

"छे! काहीतरीच काय?"

"अहो, तुम्ही उठायच्या आधी मी बघून गेले. कुठंय ते?"

डॉक्टरांनी मुकाट्याने ढिगाकडे बोट दाखवलं. तिने फूल उचललं आणि त्याला चिकटलेली बटाट्याची सालं झटकली.

"अगं, फारच कुरूप निघालं. तुझं नाव द्यायच्या लायकीचं..."

"मला आवडलं होतं," ती म्हणाली. "आणि नाव माझं होतं ना? मग टाकायचं की ठेवायचं, हे निदान मला विचारायचं."

डॉक्टरांना मनापासून लाज वाटली.

"रोप तरी ठेवणार होतात का?" तिने विचारलं.

"उपटणार होतो," ते म्हणाले. "तू चहा घेऊन आलीस म्हणून राहिलं."