ताटातलं घड्याळ

ऋत्विकच्या घरच्यांनी काहीही मागितलं नव्हतं. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की एव्हाना निम्म्या मुरूडला ते पाठ झालं होतं. मुलगी बघायला आले तेव्हा सांगितलं, मग फोनवर सांगितलं, आणि आज साखरपुड्याला पनवेलहून गाडीतून उतरल्या उतरल्या ऋत्विकची आई, शरयूबाई, पाय धुवायचा तांब्या हातात धरून पुन्हा म्हणाल्या, "आम्हाला काही म्हणजे काही नको हं. नारळ आणि मुलगी."

"नारळ वाडीत आहेत," गोदाआत्या म्हणाली, "आणि मुलगी आत साडी नेसतेय."

गोदाआत्या म्हणजे मुलगी क्षिप्रा हिच्या वडिलांची, देवदत्तची, आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, आणि आठवण अशी पक्की की नातेवाईक तिच्यासमोर जपून बोलत. काही न मागणारे लोक तिने जन्मभर पाहिले होते. त्यापेक्षा मागणारे परवडले, एकदा देऊन मोकळं तरी होता येतं, असं तिचं मत होतं.

तर काही न मागणाऱ्या या घरातल्या मुलाने एक वस्तू मागितली होती. हे फक्त त्याला, क्षिप्राला, देवदत्तला आणि आत्याला ठाऊक होतं. ऋत्विक न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कंपनीत होता आणि त्याला घड्याळांचा नाद होता. वेळ बघायचा नव्हे. वेळ तो मोबाइलवर बघायचा. लग्न ठरलं त्याच आठवड्यात त्याने क्षिप्राला एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'रीतीप्रमाणे बाबा घड्याळ देणारच, तर शोरूममधलं चकचकीत नको. हे सांग. आईला मात्र कळू देऊ नकोस, आमच्याकडे मागणं बसत नाही.'

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा ओटीवर बसून त्याने आत्यालाही समजावलं होतं.

"आजी, याला होमाज घड्याळ म्हणतात. जगात एक फार नावाजलेलं घड्याळ आहे, पाणबुड्यांसाठी काढलेलं. त्याच्या किमतीत तुमची ही वाडी येईल. मग छोट्या छोट्या कंपन्या त्याला मान देण्यासाठी तसंच घड्याळ काढतात, आपल्याला परवडेल असं."

"म्हणजे नक्कल."

"नक्कल नाही, आजी! नकलेवर त्या मोठ्या कंपनीचं नाव खोटं टाकतात. हे लोक स्वतःचं नाव लावतात. यात आदर आहे."

"आमच्या शाळेत पोरं शेजारच्याच्या पेपरात बघून लिहायची आणि वर नाव स्वतःचं घालायची," आत्या म्हणाली. "तीस वर्षं छड्या मारल्या मी. तो आदर होता हे कुणी सांगितलं नाही."

क्षिप्रा तोंडाला पदर लावून आत पळाली. ऋत्विकने मात्र हार मानली नाही. ही कंपनी म्हणजे फक्त दोन मित्र, त्यांचं लहानसं वर्कशॉप, घड्याळं काढतात तीही मोजकीच, आधी नाव नोंदवावं लागतं. आणि दोनशे मीटर पाण्याखाली चालतं.

"तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग ठीक. चालू घड्याळ तरी सापडेल."

देवदत्तने बिचाऱ्याने यातलं काही विचारलं नाही. जावयाने तोंडाने सांगितलंय ना, मग तेच. सुपारीच्या व्यापाऱ्याशी सकाळभर घासाघीस करणारा हा माणूस, लेकीला शेजारी बसवून, चष्मा पुसून पुसून मोबाइलवर नाव नोंदवता झाला. घड्याळ यायला पावसाळा उलटला. वाटेत कुठल्याशा बंदरात ते अडकलं, तेव्हा रोज डोंगराएवढे कंटेनर सोडवणाऱ्या ऋत्विकला ते एक डबडं काही सोडवता आलं नाही. शेवटी आलं. देवदत्तने ते डबीसकट देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. डबीला मखमल होती, तिला कुंकू लागलं.

आत्याला मात्र घड्याळाचं नाव निघालं की स्वतःचं लग्न आठवायचं. तिच्या लग्नात, नागावला, पंगत बसली होती. नवरदेव रुसले. म्हणजे रुसले सासरे. नवरदेवांनी फक्त भाताला हात लावला नाही. घड्याळ हवं होतं. पंगत खोळंबली, भात निवला, आणि मग आत्याच्या वडिलांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडून ताटाशेजारी ठेवलं. उन्हात रापलेल्या त्या मनगटावर पट्ट्याजागी पांढरीफटक कातडी होती, आणि मांडवातलं यच्चयावत माणूस तिच्याकडे बघत होतं. नवरदेव पत्रावळीकडे बघत होते. पुढे कधी विषय निघाला की यजमान म्हणत, "वडीलधारे बोलत होते, मी मध्ये कसा बोलणार?" चाळीस वर्षं घातलं त्यांनी ते घड्याळ. नेहमी मागे पडायचं. मालकाला शोभून दिसे.

त्यामुळे आज तिला एवढंच हवं होतं, की देवदत्तची मान खाली जाऊ नये. बाकी साखरपुडा काय, होतच असतो.

तो व्हायलाही लागला. क्षिप्राला साडी दिली, ओटी भरली. मग देवदत्तने ऋत्विकपुढे ताट धरलं: कपडे, अंगठी, घड्याळ. शरयूबाईंच्या माहेरची रीत अशी, की ताट आधी सगळ्या पाहुण्यांत फिरवायचं. बघायला म्हणून नव्हे हं, कौतुकाला. कौतुक करत करत ताट ऋत्विकच्या मामांपर्यंत पोचलं.

भाऊमामांच्या हातात मस्कतहून मेव्हण्याने आणलेलं घड्याळ होतं, त्या नावाजलेल्या कंपनीचं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून मामा नमस्कारसुद्धा डाव्या हाताने करायचे. त्यांनी ताटातलं घड्याळ उचललं, स्वतःच्या घड्याळाशेजारी धरलं, मान तिरकी केली.

"ताई, हे तर हुबेहूब माझ्यासारखं आहे गं. पण नाव भलतंच. ऑल्डर अँड फिन? हे काय फिनेल-बिनेल आहे का?"

"बघू," शरयूबाई म्हणाल्या.

"डुप्लिकेट आहे. सरळ सरळ डुप्लिकेट."

आत पुऱ्या तळणाऱ्या बायका झारे घेऊन दारात आल्या.

शरयूबाईंनी घड्याळ ताटात ठेवलं, मेलेला उंदीर ठेवावा तसं. "आम्ही काही मागितलं नव्हतं, देवदत्तराव. काहीच दिलं नसतं तरी चाललं असतं. पण चारचौघांत माझ्या मुलाच्या हातात नकली वस्तू? वाडी-बागाईत असलेली माणसं तुम्ही!"

देवदत्तने ऋत्विककडे पाहिलं. क्षिप्राने पाहिलं. आत्याने तर चष्मा सारखा करून पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं: मी सांगितलं होतं. पण ते म्हटलं तर वर्षभर वाजवलेला 'काही नको'चा नगारा फुटत होता. आणि नाही म्हटलं तर सासरा नकली ठरत होता. ऋत्विक पाटाच्या रांगोळीकडे बघू लागला. रांगोळीत काही शिकण्यासारखं असावं.

"बोलेल," आत्या मनाशी म्हणाली. "शिकलेला आहे. हल्लीचा आहे."

तो बोलला नाही. देवदत्तचीच मान खाली जायला लागली. लिंक मोबाइलमध्ये होती, काढून दाखवता आली असती. पण होणाऱ्या जावयाला चारचौघांत उघडं पाडणारा तो माणूस नव्हता. "मी... दुसरं आणतो," तो म्हणाला. "आजच अलिबागला जाऊन आणतो."

तेव्हा क्षिप्रा उठली. तिने ताटातलं घड्याळ घेतलं आणि सावकाश स्वतःच्या हातात बांधलं. हिरव्या बांगड्यांवर ते तव्याएवढं दिसत होतं.

"कशाला आणायचं, बाबा? यांना नको असेल तर मला आवडलंय. मी वापरीन. भांडी घासताना बरं, पाणी जात नाही म्हणे."

"भांडी?" ऋत्विक पाटावरून ताडकन उठला. "अगं, काच घासली जाईल! काढ ते! आई, ते डुप्लिकेट नाहीये, होमाज आहे! मीच लिंक पाठवली होती हिला, मीच! आता मिळत नाही ते कुठे, सगळी संपली!" एकदा तोंड फुटल्यावर ते मिटेना. "डुप्लिकेट मामांचं आहे! पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. त्याचा सेकंदकाटा बघा कसा उड्या मारतोय, खऱ्याचा सलग सरकतो!"

सगळ्यांनी सेकंदकाटा बघितला. मारत होता. भाऊमामांनी हात खिशात घातला आणि नंतर जेवायलाच काय तो बाहेर काढला.

शरयूबाईंना बसायला खुर्ची द्यावी लागली.

"बोललास," आत्या म्हणाली. "छान बोललास. पण आधी का नाही रे?"

"आई बोलत होती, आजी," ऋत्विक म्हणाला. "मी मध्ये कसा बोलणार?"

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. हाही होमाजच निघाला. नाव तेवढं स्वतःचं.

"ऐकलंस का, क्षिप्रा?" ती म्हणाली.

"ऐकलं." क्षिप्राने मघाशी मिळालेल्या साडीची घडी आणि न फोडलेला साखरेचा पुडा शरयूबाईंच्या पिशवीत ठेवला. "माझ्यासाठी रांगोळी बघितली, घड्याळासाठी उठून उभे राहिले. मला विचार करायला वेळ हवा. किती, ते कळवीन. घड्याळ आहे आता."

देवदत्त आत्याकडे बघू लागला.

"पानं वाढा," आत्या म्हणाली. "बिरडं गार होतंय. या घरात पंगत खोळंबणार नाही."

पाहुणे जेवले. काही न मागता जेवले. जिलबी तेवढी दोनदा.

संध्याकाळी ऋत्विकचे दोन मेसेज आले. पहिला, 'चूक झाली, माफ कर.' दुसरा, 'खारं पाणी लागलं तर लगेच गोड्या पाण्याने धुवायला सांग.' क्षिप्राने दोन्ही आत्याला वाचून दाखवले आणि उत्तर एकाचंही दिलं नाही. मग वाडीत जाऊन तिने घड्याळ बापाच्या मनगटावर बांधलं. देवदत्त नको नको म्हणाला, आणि मग बाही वर सारून पोफळींचं शिंपणं करू लागला.

आत्या पायरीवर बसून बघत राहिली. दोनशे मीटर खोल जाणारं ते घड्याळ शेवटी पाण्याला लागलं, वाडीतल्या पाटाच्या घोटाभर पाण्याला. आणि देवदत्त उगाचच, दर दोन पोफळींमागे, किती वाजले ते बघत होता.