एका नुक्त्याचा घोळ

उदगीरच्या मोंढ्यात तीस वर्षं धान्याची आडत चालवून मलप्पा गावी परतले होते. लोक त्यांना मानानं 'अप्पा' म्हणत, ते मात्र धान्यापेक्षा फारसीसाठी. निजामाच्या अमलात शिकलेला, ती लिपी वाचणारा गावात हा एकच माणूस उरला होता. अप्पांना त्याचा चांगला ताठा होता आणि त्या दिवशी तोच त्यांच्या अंगाशी आला.

दुष्काळाचं साल. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. बोअरच्या मशीनची यादी जुन्या जिल्ह्यात अडकली की नव्यात, हे कोणालाच धड सांगता येईना. आणि एका सकाळी मशीन अचानक वेशीत येऊन उभं! सोबतचा कारकून म्हणाला, "गावाला एकच भोक मिळेल. जागा दाखवा, दुपारी पुढच्या गावाला जायचंय."

सरपंच ग्यानोबानं ओढ्याकाठची जागा दाखवली. तिथं भर उन्हाळ्यातही लव्हाळा हिरवा असे. पण कोणीतरी वेशीजवळच्या कोरीव दगडाची आठवण काढली. "अप्पा, तुमीच वाचा. जुन्या लोकायनं पान्याची खूण ठिवली आसंल."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं दगड पुसला. लेख बिदरच्या सुलतानांच्या काळचा होता. अक्षर जुळवत ते मोठ्यानं अर्थ सांगू लागले, "इरानच्या सौदागरा, घोडा इथं बांध. आमच्या तरफदाराच्या..."

"तरफदार? कोनाची तरफदारी करायचा त्यो?" ग्यानोबानं विचारलं.

"आरं, तरफ म्हंजी तवाचा जिल्हा, न् तरफदार त्याचा साहेब. सुलतानानं मोठ्या तरफा तोडून लहान केल्या. आता आपला तोडला तसंच."

"बरं मग, साहेबाच्या कशाला काय?"

"थांग न्हाई म्हन्तोय. पर कशाला, तेच कळंना."

घोळ एका नुक्त्याचा होता. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या पोटात एकच टिंब होतं. एका टिंबानं होतो 'जाह', म्हणजे मोठेपणा, रुबाब. तीन टिंबांनी होतो 'चाह', म्हणजे विहीर. पण शाळेतल्या मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं की जुने लेखनिक 'च'लाही एकच टिंब देऊन मोकळे होत. वाचणारा शहाणा असतो, समजून घेतो. बिदरला एवढा मोठा मदरसा, देशोदेशीचे विद्वान, आणि दोन टिंबांचा हा आळस! अप्पांना त्या मेलेल्या लेखनिकाचा संताप आला. साहेबाच्या मोठेपणाला थांग नाही, की साहेबाच्या विहिरीला? घोडे आले म्हणजे पाणी लागणारच. आणि साहेब म्हटला की फुगणारच. दोन्ही वाक्यं तितकीच खरी वाटत होती.

"काका, बोला लवकर," कारकून घड्याळ बघत म्हणाला.

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. 'मला कळत नाही' एवढंच म्हणायचं होतं, पण ते अप्पांनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. शेजारची रत्नम्मा रिकामी घागर घेऊन पुढे आली. "अप्पा, पानी हाय म्हना की वो!"

"चाह," अप्पा म्हणाले. "हीर हाय हितं. हितंच मारा."

दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली आणि मशीन बंद झालं. अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कारकुनापुढे हात जोडले, "साहेब, चूक माझी हाय. एक भोक वढ्याला मारा."

"यादीत एकच आहे, काका."

विहीर होती आणि आटली, की मुळात नव्हतीच? अप्पांचं डोकं अजून त्या टिंबाभोवतीच फिरत होतं. तेवढ्यात कारकुनानं जीपमधून रंगवून आणलेली फरशी काढली आणि कोरड्या भोकाशेजारी सिमेंटात बसवली. ग्यानोबा मोठ्यानं वाचू लागला, "नव्या जिल्ह्याचे भाग्यविधाते, दीनदुबळ्यांचे कैवारी, कार्यसम्राट..." नाव यायला तीन ओळी लागल्या. पाण्याचा शब्द फरशीवर कुठंच नव्हता.

अप्पांनी एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा दगडाकडे.

"बस कर, ग्यानोबा," ते म्हणाले. "जाहच व्हतं रं ते."