ब्रेक ऑइलची बाटली

माझ्या गाडीने दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर कापले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक किलोमीटरची बढाई मी लोकांना ऐकवली आहे. एकोणीस वर्षांची गाडी. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून तिचं इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग सगळं मी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो. चाकं काढायचं काम निघालं तरच नवनाथकडे जायचं. त्याचं गॅरेज कोपऱ्यावर आहे. निफाडकडचा माणूस, कामाला चोख, बोलायला कमी.

गेल्या महिन्यात लेक अपूर्वा आणि जावई यशोधन पुण्याहून आठवडाभर राहायला आले. सोमवारी सकाळी मी बॉनेट उघडून उभा होतो आणि यशोधन शेजारी चहा पीत होते. जावई शेजारी उभे असले की माझ्या अंगात मास्तर संचारतो. "गाडी म्हातारी होत नाही हो, माणसं तिला म्हातारी करतात," असं काहीबाही मी सांगत होतो. ब्रेक ऑइलच्या डबीत मला तेल कमी वाटलं. उरलेली तेलं मी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवतो, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवतो. नाव, तारीख, सगळं. हेडक्लार्कची सवय.

चष्मा घरात राहिला होता. जावयासमोर "थांबा, मला दिसत नाही" म्हणून तिसऱ्या मजल्यावर जायचं? बाटली उचलली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली, मान डोलावली आणि ओतली.

गुरुवारी आम्ही दिंडोरीला मेहुण्याकडे निघालो. गाडी मी चालवत होतो, यशोधन शेजारी, बायको श्यामला आणि अपूर्वा मागे. गाव पाच-सहा किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा गाडी ओढेना. मग जळका वास आला, आणि उतरून पाहतो तर पुढच्या चाकांतून धूर. ब्रेक आपोआप आवळून बसले होते. आवळण्याऐवजी लागलेच नसते तर काय झालं असतं, हे अपूर्वाने बोलून दाखवलं तेव्हा श्यामलाचा चेहरा पांढरा पडला.

टोचन लावून गाडी नवनाथकडे आणली. मी आणि यशोधन तिथेच थांबलो. दुपारपर्यंत त्याने सगळं खोललं, मग हात पुसत म्हणाला, "रबरं फुगली व्हती, काका. जुनी झाली की व्हतं असं. बदलतो."

झालं. माझं डोकं फिरलं. पंधरा दिवसांपूर्वी ब्रेकचं काम यानेच केलं होतं, नवी रबरं टाकल्याचंही सांगितलं होतं.

"जुनी कशी होतील? का दुसऱ्याच्या गाडीची काढून माझ्या गाडीत घातलीस? चोर आहेस तू! माझी पोरगी होती गाडीत!"

गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं होती. नवनाथ खाली बघत राहिला. यशोधन म्हणाले, "बाबा, जाऊ द्या." पण जाऊ देईन तर मी कसला! घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'नवनाथकडे गाड्या देऊ नयेत. माणूस जिवाशी खेळतो.' खाली पंधरा अंगठे उमटले. सोसायटीतल्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. तेच त्याचं निम्मं काम होतं. श्यामला म्हणाली, "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला." मी तिलाही गप्प केलं.

लेक-जावई गेले. काल सकाळी स्टिअरिंगचं तेल भरायला म्हणून मी बाटल्यांचं खोकं काढलं. या वेळी नाकावर चष्मा होता. 'ब्रेक' लिहिलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेली. 'स्टिअरिंग' लिहिलेली अर्धी. अक्षर माझंच, वळणदार.

मी पार्किंगमध्येच पायरीवर बसलो. स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं की रबरं फुगतात, हे मीच किती जणांना शिकवलं आहे! बायको, पोरगी, जावई यांना मीच मरणाच्या दारात नेलं, आणि चोर ठरवलं नवनाथला. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तरी अंगातला कोडगेपणा बघा. गॅरेजवर गेलो तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना. चोर म्हणालो होतो चारचौघांत आणि माफी मागायची होती एकांतात. नवनाथ एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. मी वाकून सगळं सांगितलं.

"ठाव हाय मला," तो आतूनच म्हणाला. "डबीच्या झाकणाचं रबर फुगून बसत नव्हतं. तेल बी येगळं दिसत व्हतं. त्याच दिशी कळलं."

"मग माझ्या तोंडावर का नाही मारलंस?"

"जावई हुबं व्हतं ना तुमचं. सासऱ्याला जावयासमोर खाली बघाया लावू नाय."

त्याचे पाय धरायला हवे होते. माझ्या तोंडून निघालं, "यशोधनरावांना मात्र कळू देऊ नकोस."

"नाय सांगत," तो म्हणाला आणि पुन्हा पाना फिरवायला लागला.

स्वतःचे शब्द माझ्याच कानात खडखडले. मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, की चूक माझी होती, चुकीचं तेल मी ओतलं, नवनाथ निर्दोष आहे. या वेळी एकही अंगठा आला नाही. मग यशोधनना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बाबा, मी चिठ्ठी वाचली होती," यशोधन म्हणाले. "तुम्ही ओतत होतात तेव्हाच. स्टिअरिंग लिहिलं होतं. नंतर नवनाथला बोललात तेव्हाही मला सांगायचं होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलो. "अहो, अपूर्वा होती गाडीत! तोंड शिवलं होतं का तुमचं?"

माझा आरडाओरडा गॅरेजभर घुमला. टेम्पोखाली पान्याचा आवाज थांबला. मी फोन कानाला धरून उभा होतो, आणि यशोधन तेव्हा का बोलले नाहीत हे मला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.