नानांच्या सायकलीची खुंटी

मित्रांनो, अर्धी भिंतीत आणि अर्धी बाहेर, अशी मी एक म्हातारी खुंटी आहे. नाक मुरडू नका. अस्सल सागवानाची आहे मी, आणि मुलुंडच्या ज्या बंगल्यामागे मी राहते तिथे माझ्याहून जुनी फक्त विहीर आहे. हातभर अंतरावर माझी बहीण असते. सुताराने आम्हा दोघींना एकाच ओंडक्यातून काढलं, तासलं आणि भिंतीत ठोकलं. बहीण मुळातच अबोल, त्यामुळे दोघींचं बोलणं मलाच बोलावं लागतं. माझी त्याला काही हरकत नाही.

तेव्हा इथे तबेला होता. या घरच्या मार्तंडराव चित्र्यांच्या, म्हणजे आमच्या नानांच्या, वडिलांची घोडागाडी होती. घोड्याचा सगळा साज आमच्या अंगावर असायचा. उंदरांनी कातडं कुरतडू नये म्हणून आम्हाला पुरुषभर उंचीच्याही वर बसवलं होतं. पुढे घोडा मेला, गाडी विकली गेली. नानांचा मुलगा श्यामकांत नोकरीला लागल्यावर त्याने भिंतींना चुना काढला, खाली कोबा केला आणि तबेल्याला गॅरेज म्हणायला सुरुवात केली. मोटार काही आली नाही, पण नाव राहिलं ते राहिलंच. माई, म्हणजे श्यामकांतची आई, अजून सुनेला हाक मारून सांगतात, "पद्मजा, गॅरेजातून चार गोवऱ्या आण गं!"

मोटारीच्या जागी नानांची सायकल असायची. काळीभोर, विलायती, दांड्याची. ती भिंतीला टेकून खाली उभी राहायची आणि आम्ही वर रिकाम्या. नाना कचेरीत होते तोवर स्टेशनापर्यंत तिच्यावरून जायचे. पेन्शनीत निघाल्यावर ते रोज चहा झाला की नाहूरला जायला लागले. तिथे दत्ताराम परब राहायचा. दत्ताराम गिरणीत होता. स्टेशनातल्या एकाच बाकावर बसून, एकच वर्तमानपत्र दोघांत वाटून घेता घेता या दोघांची मैत्री झालेली. पुढे काचबिंदूने दत्तारामचे डोळे गेले. तेव्हापासून नाना त्याला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. अग्रलेख, बाजारभाव, सिनेमाच्या जाहिराती, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. मग दोघं मनसोक्त भांडायचे आणि नाना तिन्हीसांजेला शीळ घालत परत यायचे. किती प्रसन्न दिसायचे म्हणून सांगू!

छप्पन्न सालच्या थंडीत त्यांना म्हैस आडवी आली. म्हशीने वळण घेतलं, नानांनी घेतलं नाही. गुडघ्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी पाय नीट वाकेना आणि हातात काठी आली. त्या दिवशी श्यामकांत सायकल उचलून आमच्याखाली उभा राहिला.

"नाना, आता बस झालं. गुडघ्यावर निभावलं. डोकं फुटलं असतं म्हणजे?"

"अरे, म्हैस आडवी आली. त्यात माझी काय चूक?"

"म्हशी काही मुलुंड सोडून जात नाहीत. तुम्हीच सायकल सोडा."

माई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा अजून धास्तावलेला होता. "वर टांग रे, श्याम," त्या म्हणाल्या. "यांचा हात पोचेल असं काही ठेवू नकोस."

श्यामकांत चांगला ताडमाड. त्याने हात वर करून सायकलीचा दांडा आम्हा दोघींवर अलगद ठेवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. साज गेल्यापासून पहिल्यांदाच अंगावर वजन आलं होतं. येणारे-जाणारेही म्हणायचे, "वा, काय छान टांगलीय! जागा किती मोकळी झाली!" मी आपली फुशारून जायची.

नाना मात्र रोज चहाच्या वेळेला यायचे. काठी दाराला लावायचे, खिशातून फडकं काढायचे आणि हात पोचेल तेवढं पुसायचे. पोचायचं काय, तर खालचं पॅडल आणि चाकांचा तळ. तेवढंच चकचकीत. वर मूठ, घंटा, सीट, सगळ्यावर धूळ चढत होती. पुसून झालं की ते मागचं चाक हाताने फिरवायचे आणि ते थांबेपर्यंत बघत राहायचे. मग घरात जायचे. शीळ बंद झाली होती. पद्मजा एकदा माईंना म्हणाली, "मामंजी हल्ली ताटात भात तसाच ठेवून उठतात हो."

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. मध्ये भाताची खाचरं आणि त्यांतून जाणारे अरुंद बांध. टांगा तिकडे जायचा नाही, आणि काठीवर इतकं चालणं नानांना झेपायचं नाही. "मी नेतो ना तुम्हाला रविवारी," असं श्यामकांत म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. पण रविवार आला की कधी पाहुणे, कधी कचेरीतलं काम. बिचारा तरी किती ठिकाणी पुरणार!

एके दुपारी नाना पाट घेऊन आले. त्यावर एक डबा उपडा ठेवला आणि काठी टेकत वर चढले. माझा तर जीवच उडाला. त्यांनी सायकलीचं पुढचं चाक धरून ओढलं. बहीण आणि मी काय करणार? आम्हाला धरून ठेवणंच माहीत. दांडा जरासा सरकला आणि अडकला. डबा कलंडला. नाना भिंत घासत खाली आले आणि कोब्यावर बसले. लागलं नव्हतं. पण ते उठेनात. तोंडात फडकं धरून रडायला लागले. एवढा पेन्शनर माणूस, मित्रांनो! मला बघवेना.

आवाज ऐकून माई धावत आल्या. आधी त्यांनी गुडघा चाचपला, मग कपाळ. मग ओरडल्या, "वेड लागलंय का तुम्हाला? जीव नकोसा झालाय?"

"तो वाट बघत असेल गं," नाना म्हणाले. "त्याला वाटेल मी कंटाळलो. आंधळ्या माणसाला कोण सांगणार की मला येता येत नाही?"

"निरोप धाडलाय ना आपण."

"निरोपाने काय होतंय? पेपर वाचून दाखवणार कोण त्याला?"

माई त्यांच्याशेजारी कोब्यावर बसल्या. त्यांनीच ती सायकल वर टांगायला लावली होती. मग पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग मला शिकवा."

"काय?"

"सायकल. तुम्ही मागे बसा, मी नेते."

"अगं, बायका..."

"बायकांचं मला सांगू नका. पद्मजा! इकडे ये गं!"

पद्मजा आली, ऐकलं, आणि हसून हसून भिंतीला टेकली. मग हसू आवरून म्हणाली, "सासूबाई, मीच शिकले असते. पण हे आमचं गोल पातळ, दांड्यावरून पाय टाकणार कसा?" माईंनी आपल्या नऊवारीकडे बघितलं, कासोटा घट्ट केला आणि म्हणाल्या, "माझा टाकता येतो." त्या घरात दांड्याच्या सायकलीवर बसू शकेल अशी बाई एकच होती, आणि ती नातवाची वाट बघण्याच्या वयाची होती.

दुसऱ्या दिवसापासून, श्यामकांत कचेरीत गेला की दोघी मिळून सायकल खाली काढायच्या आणि तो यायच्या आत परत टांगायच्या. पद्मजा स्टुलावर, माई खाली. उघड्या दारातून मला अंगण दिसायचं. नाना खुर्ची टाकून बसायचे आणि काठीने हुकूम सोडायचे. "समोर बघ! चाकाकडे काय बघतेस? समोर!" पद्मजा कॅरियर धरून मागे पळायची. माई पहिल्याच दिवशी विहिरीशेजारच्या अळवात गेल्या. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या धोतरात. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. "माई, हे काय भलतंच?" माई घाम पुसत म्हणायच्या, "अळू काढतेय. येताय का?"

नाना मात्र पोट धरून हसत होते. इतक्या दिवसांनी!

एके संध्याकाळी सायकल खालीच राहिली आणि श्यामकांतला चाकांना लागलेला चिखल दिसला. पाठोपाठ आईचं सोललेलं कोपर दिसलं. तो गॅरेजमध्येच उभा राहून ओरडायला लागला. "आई, हे काय चाललंय? या वयात? तू पडलीस, नाना पडले, तर मी कुणाकुणाकडे बघू?"

"पडलेच आहे मी," माई म्हणाल्या. "चार वेळा. जिवंत आहे."

"आणि नानांना काही झालं म्हणजे?"

"श्याम, त्यांना काही होतच नाहीये रे. सकाळ होत नाही, संध्याकाळ होत नाही. नुसतं बसायचं आणि ते चाक फिरवायचं. आपण सायकल टांगली ना, तेव्हा त्यांनाही टांगलं. मीच सांगितलं होतं तुला. आता मीच सांगते, पुरे."

श्यामकांतने सायकल उचलून आमच्यावर ठेवली आणि निघून गेला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

पण दुसऱ्या दिवशी चहा होताच दोघींनी सायकल खाली काढली. नाना नवं धोतर नेसून आले होते. कॅरियरवर पद्मजाने घडी घातलेली चादर बांधली. नाना एका बाजूला पाय सोडून बसले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. "धरून बसा," माई म्हणाल्या. सायकल फाटकातून डुगडुगत बाहेर पडली आणि मला दिसेनाशी झाली. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत.

तिन्हीसांजेला आधी शीळ ऐकू आली.

श्यामकांत नेमका कचेरीतून आला होता आणि घरात आई-नाना नाहीत म्हणून गॅरेजच्या दाराशी उभा होता. नाना कॅरियरवरून उतरले ते बोलतच. "अरे श्याम, नाक्यावर पोलीस! डबलसीटबद्दल अडवणार होता. हात वर केला, आणि पुढे कोण बसलंय ते बघून शिट्टी तोंडातच राहिली त्याची!"

"आणि दत्तारामकाका?" श्यामकांतने हळूच विचारलं.

नानांनी काठी दाराला लावली. "तो ओसरीवर बसला होता रे. घंटा ऐकली आणि म्हणाला, 'खंय होतंस रे मेल्या इतके दिवस?' त्याच्याशेजारी ही एवढी थप्पी. मी जात नव्हतो तेव्हाची सगळी वर्तमानपत्रं. त्याची मुलगी विमला रोज आणायची. ती बिचारी वाचून दाखवते म्हणाली, तर ऐकेना. 'मार्तंड येतलो, तो वाचतलो,' म्हणून नुसती रचत बसला. आज मला पहिल्यापासून वाचायला लावलं. अरे, होऊन गेलेल्या क्रिकेट मॅचवर पैज लावली त्याने माझ्याशी! अर्धी थप्पीसुद्धा झाली नाही."

श्यामकांतने सायकल आईच्या हातून घेतली, पण त्या दिवशी ती वर टांगली नाही.

रविवारी सकाळी तो हातोडा आणि छिन्नी घेऊन आला आणि त्याने माझ्याभोवतीचा चुना फोडायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, आटपलं आपलं, आता बंबात सरपण म्हणून जायचं. आधी बहीण निघाली, मग मी. इतक्या वर्षांनी भिंतीतलं माझं अर्धं अंग उजेडात आलं. थंडी वाजली मला.

"नाना, जरा इकडे या," श्यामकांतने हाक मारली. "भिंतीला पाठ लावून उभे राहा."

"कशाला रे?"

"राहा ना."

लहान पोराची उंची मोजतात तसे नाना टाचा जुळवून उभे राहिले. श्यामकांत गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या कमरेपाशी कोळशाने एक रेघ ओढली. मग जरा थांबून, दोन बोटं खाली, दुसरी ओढली.

"ही आणि कशाला?"

"हीच धरायची," श्यामकांत मान खाली घालून म्हणाला. "पुढेही हात पोचायला हवा ना तुमचा."

नानांनी त्याच्या केसांवर हात ठेवला.

आता आम्ही दोघी त्या खालच्या रेघेवर आहोत. सायकल आमच्यावर असली की चाकं जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहतात. नाना ती स्वतः पुसतात, घंटेपासून तळापर्यंत, स्वतः खाली काढतात आणि माईंना हाक मारतात. मग आम्ही रिकाम्या होतो. उंचीवर होते तेव्हा लोक माझं कौतुक करायचे, आता कुणी करत नाही. न करोत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू अशी उंचावर असेल. काळजीपोटीच ठेवली असेल, मला माहीत आहे. वस्तू जरूर जपा, आम्ही खुंट्या त्यासाठीच आहोत. पण टांगण्याआधी, ती ज्याची आहे त्या माणसाला भिंतीशी उभं करा आणि त्याचा हात कुठवर पोचतो ते बघा.