सुंदरीच्या भाताचा दिवस

दिग्गीच्या वरच्या वाडीत सावडीचा हिशेब साधा होता. तू माझ्या शेतात एक दिवस राब, मी तुझ्या शेतात एक दिवस राबतो. एवढा सोपा हिशेब कान्हूला जन्मात जमला नाही. दिवस मावळला की बाकीचे विळे घेऊन घरची वाट धरत, आणि हा मात्र उरलेला कोपरा कापून, भारे खळ्यावर टाकूनच यायचा. ज्याच्या घरात फेडायला माणूसच नाही, त्याच्या शेतात तर सगळ्यांच्या आधी हजर. त्याची बायको देवकी म्हणायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस भारी! त्यावर कान्हू नुसता हसायचा. माप उतू गेलं तरच भरलं म्हणायचं, एवढंच त्याचं उत्तर. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मानमोडीच्या साली ते हसणं आटलं. तापानं घरंच्या घरं आडवी केली. भात पिकून उभं होतं आणि कापायला हात नव्हते. त्यात कान्हूचा चुलतभाऊ वासू गेला. वाडी सगळी एकाच कुळीची, त्यामुळे एक गेला की सुतक सगळ्यांना, आणि सुतकात भाताला विळा लावायचा नाही, ही पूर्वापारची रीत. ते दहा दिवस माणसं दारात बसून रानडुकरांना वाफे तुडवताना बघत राहिली. डुकरांना कसलं सुतक आणि कसला ताप!

सुतक फिटलं तेव्हा धड उभी राहतील अशी माणसं मोजकीच उरली होती. आभाळही भरून येत होतं. लखू बुधवंत वाडीचा कारभारी. तो म्हणाला, आधी कुणाचं कापायचं ते कान्हूनं सांगावं, त्यानं राबलेले दिवस सगळ्यांकडून फिटायचे आहेत. कान्हू तोवर स्वतःच तापानं अंथरुणाला खिळला होता. तो म्हणाला, आधी सुंदरीचं. सुंदरी ही वासूची बायको. पदरात दोन लेकरं आणि शेत अगदी रानाला लागून. मग परवा आपलं, असंही त्यानं सांगितलं.

देवकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला मूलबाळ नव्हतं. घरात दाणा आला नाही तर कुंभारवाड्याला भावाकडे जायचं आणि वर्षभर भावजयीनं वाढलेलं तोंड खाली घालून गिळायचं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला पेज दिली, पण ती त्याच्याशी बोलली नाही.

पहाटे उठवायला गेली तर कान्हू गार पडला होता.

घशापर्यंत आलेली हाक तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून दाबली. बाहेर माणसं विळे घेऊन सुंदरीच्या शेताकडे निघाली होती. आता ओरडलं की सगळे विळे खाली. पुन्हा दहा दिवस. तेवढ्यात सुंदरीच्या शेतात नुसता पेंढा उरेल, आणि ती लेकरं काय खातील? देवकीनं दार लोटून घेतलं.

दिवसभर ती त्याच्या उशाशी बसली. रडायची चोरी, बोलायची चोरी. दुपारी बुधवंत दारातून विचारून गेला. ताप उतरलाय, आता कुठं डोळा लागलाय, उठवू नका, असं तिनं आतूनच सांगितलं. तो गेल्यावर तिला नवऱ्याचा असा काही राग आला की ती त्याच्या कानाशी वाकली.

"मेल्यावरबी लोकांचंच काम करायलायस," ती म्हणाली.

आणि मग त्याचा गार हात तिनं आपल्या गालाला लावून धरला. काल बोलायला हवं होतं.

ऊन कलल्यावर सुंदरी आली. भात सगळं खळ्यावर पडलं होतं, वर पेंढा घालून झाकलंही होतं. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच ती म्हणाली, "वैनी, उद्या तुमचं. बुधवंतमामानी समद्यांस्नी सांगून ठेवलंय."

उद्या. एकच दिवस. आज निभावलं तसं उद्याही निभावेल. कुणाला कळणार होतं? देवकीनं कान्हूकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग बदलला होता. माशा येत होत्या, आणि त्या ती सकाळपासून पदरानं हाकत होती.

"आत ये," ती म्हणाली. "तुजं भावजी पहाटंच गेलं."

सुंदरी उंबरा ओलांडून खाली बसली. मग ती सरपटत पुढे आली आणि तिनं देवकीचे पाय धरले.

"मी काय ऐकलं न्हाई वैनी. मी कुनाला सांगत न्हाई. उद्याचा दिस जाऊ दे. तुमचं भात घरात येऊ दे."

देवकीला मोह झाला नाही असं कोण म्हणेल? भावजयीचं दार तिला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होतं. तिनं सुंदरीचे हात पायांवरून सोडवले.

"तुज्या लेकरांसाटनं त्येला दिसभर ताटकळत ठेवला," ती म्हणाली. "माज्या पोटासाटनं न्हाई ठेवनार."

आणि तिनं हंबरडा फोडला. ओहोळावर हातपाय धुणारी माणसं जागच्या जागी थांबली आणि मग एकेक करून वर येऊ लागली. देवकीच्या शेताला दहा दिवस कुणी विळा लावला नाही, आणि त्यानंतर लावायचं काही कारण उरलं नाही.