भंडाऱ्यावरचं खरं

मायाप्पानं देवाचा भंडारा बहिणीच्या, मायाक्काच्या तळहातावर ठेवला, तेव्हा अख्खी चाळ दारात गोळा झाली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतंय!

मायाक्कानं नवऱ्याचं घर सोडलेलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तिला चंद्रव्वा भेटली, आणि तेव्हापासून दोघी एका खोलीत, एका वाकळेखाली, नवरा-बायकोगत राहत होत्या. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरून खात होत्या. कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण लोकांच्या जिभेला हाड नाही. वर्षभरात मायाक्का प्यायला लागली. काल तर नळाजवळच पडली. म्हणून भाऊ आला होता, तिला मेंढरांमागं परत न्यायला.

"सांग, कुणापायी पितीस?" मायाप्पा गरजला. त्याला वाटलं, चंद्रव्वाचं नाव येणार. चार लोकांदेखत तिच्या डोक्यावर खापर फुटलं की बहिणीला न्यायला तो मोकळा. धनगराची लेक भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिथंच गडी फसला.

"बेडा, मायाक्का," चंद्रव्वा तिच्या कानडीत कळवळली. "नको बोलू."

मायाक्कानं भंडाऱ्यावर मूठ मिटली.

"तुझ्यापायी, दादा. पोरीच्या बारशाला सगळं गाव बोलावलंस, मला तेवढी वगळलीस. त्या दिशी पयला घोट घेतला. ह्या शेजारच्या गिरिजाबाई माझी घागर लागली की नळ धुत्यात. पयल्यांदा धुतला, त्या दिशी दुसरा. मंग कशाला मोजू?"

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आन् हिनं? हिनं काल मला उचलून आणली, न्हाऊ घातलं. हिच्यापायी मी जिती हाय."

"मंग सोड की दारू! घे शपथ!" मायाप्पानं दरडावलं.

"उद्या पिणार न्हाय असं म्हणवंना. खोटं कसं बोलू? पर हिला सोडणार न्हाय. ह्ये शपथेवर सांगते."

असं म्हणून तिनं भंडारा आधी चंद्रव्वाच्या कपाळाला लावला, आणि मग तोच हात भावापुढं धरला. शपथ ऐकणाऱ्यानं भंडारा लावून घ्यायचा, म्हणजे ती शपथ त्यालाही बांधते, ही त्यांच्याच घरची रीत. मायाप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. देवाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. चाळीदेखत त्यानं मान वाकवली.

मग पिवळ्या कपाळानं तो एकटाच एसटी स्टँडकडं निघाला.