दोघांनी ओढायची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. चांगली लांबलचक, दोन्ही टोकांना मूठ. लोहाराने मला तापवून ठोकून काढलं, दात पाडले, आणि लाकडाच्या वखारीत मी दोन भावांच्या हाती पडले. माझा कायदा सोपा. एकाने ओढायचं, तेव्हा दुसऱ्याने हात सैल सोडायचा. मग त्याने ओढायचं. ढकललंत तर मी वाकते.

थोरला आणि धाकटा वर्षानुवर्षं मला ओढत होते. गप्पा, टोमणे, मध्येच चहा. गिऱ्हाइकं थांबून बघायची. मी फुगून जायचे.

मग धाकट्याने न विचारता विजेची करवत आणली. थोरला म्हणाला, "आता तिलाच दादा म्हण." झालं. एका वखारीत दोन तोंडं दोन दिशांना. मी खुंटीवर गंजत पडले. पण गंज काही नुसता मलाच चढला नव्हता. थोरल्याला घास उतरेना, झोप उडाली, खांदा आखडला. धाकट्याच्या पोटात जाळ. एक उशीला दोष देई, दुसरा फोडणीच्या तेलाला.

एका सकाळी यंत्रात न मावणारा ओंडका आला. भावाला हाक मारली असती तर जीभ झिजली नसती. पण थोरल्याने मला उतरवलं आणि एकटाच ढकलायला लागला. मी वाकले, अडकले. त्याने आणखी जोर केला आणि छाती धरून भुशातच बसला, घामाने निथळत.

धाकटा धावला. थोरला तशातही पुटपुटला, "जा तू. तुझं यंत्र खोळंबलंय."

"राग उद्या कर, दादा. आधी डॉक्टर." धाकट्याने त्याला लाकडाच्या हातगाडीवर आडवा घातला आणि पळवत नेला.

थोडक्यात निभावलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं थोरल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, वखारीत येऊन दोघांना पुन्हा ऐकवलं. रक्तदाब चढलाय, गोळ्या रोज घ्यायच्या. पण राग आत कोंडून बसलात तर एकट्या गोळीने किती करायचं? वर पदरचं जोडलं, "आजारी दोघं, आजार एकच. मी पथ्याचं किती शिजवू?"

थोरला गोळ्या घेतो. धाकट्याने मला कानस मारली, तेल लावलं. यंत्र आहेच, पण मोठा ओंडका माझाच. भांडतात अजून, पण मोठ्यांदा, कापता कापता. थोरला आता घोरतो, ही वहिनीची नवी तक्रार.

तेव्हा मित्रांनो, हत्यार गंजलं तर तेल लावा. आणि ज्याच्याशी अबोला धरलाय त्याला आजच हाक मारा. शिवी देऊन मारलीत तरी चालेल, अंगाला मानवते.